पाचशे यार्डांवर गोळी काय करते

कोलकात्याच्या विमानतळाला जुनी माणसं अजूनही डमडमच म्हणतात. याच डमडमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने .३०३ रायफलच्या गोळीचं टोकाकडचं धातूचं कवच कमी करून आतलं शिसं उघडं ठेवलं. वायव्य सरहद्दीवरच्या फौजेची तक्रार होती, की नवी पूर्ण कवचाची गोळी माणसाच्या अंगातून आरपार निघून जाते आणि गोळी लागलेला माणूस धावून येतच राहतो. उघड्या टोकाची गोळी शरीरात शिरताच पसरायची आणि मोठी जखम करायची. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत असल्या पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा निघाला आणि डमडमचं नाव जगभर क्रौर्याशी जोडलं गेलं.

आता अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याची शिकारीची नियमपुस्तिका उघडा. तिथे नेमकं उलट लिहिलेलं आहे. हरणावर झाडायची गोळी पसरणारीच हवी. तिचा व्यास निदान .२४ इंच हवा, वजन निदान ७० ग्रेन हवं आणि शंभर यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पाउंड ऊर्जा शिल्लक असायला हवी. लष्करी थाटाची, पूर्ण कवचाची गोळी हरणाच्या शिकारीला इतरही अनेक राज्यांत चालत नाही. युद्धात जे निषिद्ध, ते शिकारीत सक्तीचं. ऐकायला विचित्र वाटलं तरी तर्क सरळ आहे. सैनिक जखमी होऊन लढाईतून बाहेर पडला, की शत्रूचं काम भागतं. जखमी हरीण मात्र झाडीत शिरतं, तासन्‌तास तडफडत मरतं आणि त्याचं मांसही कुणाच्या हाती लागत नाही. शिकारीच्या गोळीने काही सेकंदांत जीव घ्यायला हवा, आणि त्यासाठी तिने आत जाऊन आपला आकार बदलायला हवा.

जवळून मारलेल्या गोळीला हे सोपं जातं. कठीण होतं ते हरीण पाचशे यार्डांवर उभं असलं की. (यार्ड म्हणजे आपल्या कापडाच्या दुकानातला जुना वार, तीन फुटांचा. पाचशे यार्ड म्हणजे साधारण ४५७ मीटर.)

अमेरिकेत हरणाची शिकार म्हणजे एकच एक चित्र नाही. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचं हरीण शंभर यार्डांच्या आतच दिसतं आणि तिथे १८९५ सालचं .३०-३० विंचेस्टर काडतूस आजही मजेत चालतं. वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडोकडे सरकलं की झाडी संपते. उघडे माळ, दऱ्या आणि समोरच्या उतारावर मोठ्या कानांचं म्यूल डिअर. तिथे तीनशे-चारशे यार्डांची संधी ही रोजचीच गोष्ट. गेल्या काही दशकांत हातात मावणारे लेझर अंतरमापक आले, चकती फिरवून नेम वर-खाली करता येणाऱ्या दुर्बिणी आल्या, आणि २००७ साली हॉर्नडी कंपनीने ६.५ क्रीडमूर नावाचं काडतूस आणलं. ते मुळात निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी होतं. नावही न्यूयॉर्कजवळच्या एकोणिसाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध नेमबाजी मैदानाचं. बघता बघता ते शिकाऱ्यांच्या हाती गेलं आणि लांबवर गोळी मारण्याचं वेड पसरलं. हौशी मंडळी आता हजार यार्डांवर हरीण पाडल्याचे व्हिडिओ टाकतात. त्यातली किती हरणं पहिल्या गोळीला वाचून दुसऱ्या डोंगराआड गेली, हे व्हिडिओत दिसत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण दुकानात मिळतं ते काडतूस: पितळी कोश, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. .३०८ विंचेस्टर, .२७० विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर ही काडतुसांची नावं. गप्पांचा सगळा जोर या नावांवर असतो. खरं तर हरणाला लागते ती फक्त पुढची दहा ग्रॅमच्या आसपासची गोळी, आणि एकाच काडतुसात डझनभर वेगवेगळ्या गोळ्या बसवून मिळतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. १५० ग्रेनची गोळी म्हणजे पावणेदहा ग्रॅम.

या पावणेदहा ग्रॅमकडून दोन परस्परविरोधी कामं हवी असतात. नळीतून सुटल्यापासून हरणाच्या कातडीपर्यंत तिने जराही बदलू नये. लांब, टोकदार, गुळगुळीत राहून हवा कापत जावं. कातडीला भिडल्यावर मात्र तिने लगेच टोक उघडावं, व्यास दुप्पट करावा, फुप्फुसं फाडावीत आणि तरीही एकसंध राहून पलीकडच्या बरगडीपर्यंत पोचावं. हे उघडणं वेगावर अवलंबून असतं. गोळीचं टोक आतल्या ओल्या मांसाच्या दाबाने फाकतं, आणि तो दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग कमी पडला की टोक मिटलेलंच राहतं. मग महागडी शिकारी गोळीसुद्धा हेगच्या नियमात बसेल अशी वागते: बारीक भोक पाडून आरपार.

म्हणून लांब पल्ल्याची गोळी निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा. हरणापाशी पोचताना तिचा वेग किती उरेल आणि एवढ्या वेगाला ती उघडते का? काडतुसाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो नळीच्या तोंडाशी असलेला वेग. तो विकायच्या कामाचा. कामाचे आकडे लहान अक्षरात, खोक्याच्या मागे किंवा कंपनीच्या तक्त्यात असतात.

दोन खोकी शेजारी ठेवून पाहू. पहिलं रेमिंग्टनचं जुनं कोअर-लॉक्ट, .३०८ विंचेस्टर काडतुसात १५० ग्रेनची गोळी. तोंडाशी वेग सेकंदाला २,८२० फूट. शंभर यार्डांवर २,५३३, तीनशेवर सुमारे २,०१०, पाचशेवर १,५६०. दुसरं ६.५ क्रीडमूर, हॉर्नडीची १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स. तोंडाशी २,७००, म्हणजे पहिलीपेक्षा हळू आणि वजनाला हलकी. पण पाचशे यार्डांवर तिचा वेग उरतो जवळजवळ २,०००. सुरुवातीला मागे असलेली गोळी वाटेत पुढे निघून गेली. शिशाचा गाभा असलेल्या साध्या गोळ्यांना नीट उघडायला ढोबळमानाने १,८०० फुटांचा वेग लागतो, असं जाणकार धरून चालतात. म्हणजे पहिल्या खोक्याची हद्द चारशे यार्डांच्या थोडी अलीकडेच संपते. दुसऱ्याला पाचशेवरही हात राखून वेग उरतो. एक सावधगिरी: खोक्यावरचे आकडे बहुधा २४ इंची नळीवर मोजलेले असतात. रायफलची नळी २० इंचांची असेल, तर तोंडाशीच शंभरेक फूट कमी मिळतात आणि ही हद्द आणखी अलीकडे येते.

हवेत वेग टिकवण्याची ही क्षमता ज्या आकड्यात सांगतात त्याला बॅलिस्टिक कोएफिशंट म्हणतात, तोंडी भाषेत बी.सी. कोअर-लॉक्टचा बी.सी. .३१४, ईएलडी-एक्सचा .६२५. आकडा जितका मोठा, तितका हवेचा अडथळा कमी. इथे ग्राहक हमखास फसतो. हा आकडा एका प्रमाण गोळीशी तुलना करून काढतात आणि नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण गोळ्या दोन आहेत. जी-१ ही एकोणिसाव्या शतकातल्या सपाट बुडाच्या, आखूड गोळीच्या आकारावरची. जी-७ ही आजच्या लांब, निमुळत्या बुडाच्या गोळीसारखी. त्याच ईएलडी-एक्सचा बी.सी. जी-१ ने .६२५ येतो आणि जी-७ ने .३१५. म्हणजे एका गोळीचा जी-७ दुसरीच्या जी-१ शेजारी ठेवलात, तर या दोन अगदी वेगळ्या गोळ्या जुळ्या बहिणी वाटतील. लांब, निमुळत्या गोळीसाठी जी-७ जास्त प्रामाणिक, कारण वेग बदलला तरी तो फारसा हलत नाही. जाहिरातीत जी-१ छापतात, कारण तो मोठा दिसतो.

बी.सी. वाढवायचा तर त्याच व्यासात गोळी लांब करायची. मग ती डगमगू नये म्हणून तिला जास्त वेगाने फिरवावं लागतं, भोवऱ्याला जोरात जाळी मारावी तसं. हे फिरवणं नळीच्या आतले पीळ करतात. ६.५ क्रीडमूरच्या नळीत साधारण दर आठ इंचांना एक पूर्ण वेढा असतो. २,७०० फुटांच्या वेगाने बाहेर पडणारी गोळी त्यामुळे सेकंदाला चार हजारांवर गिरक्या घेते. १९२५ साली आलेल्या .२७० विंचेस्टरच्या नळ्या परंपरेने दहा इंचांना एक वेढा अशा असतात. त्यांत नव्या जमान्याची फार लांब गोळी घातली तर ती स्थिर राहत नाही, कागदी निशाणावर आडवी भोकं पाडते. गोळीची लांबी आणि पीळ यांचं नातं ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्येच सूत्रात मांडलं होतं. तेव्हा नवी गोळी घेण्याआधी आपल्या रायफलीच्या नळीवर कोरलेला पिळाचा आकडा बघावा. पुष्कळ जण खोकं घरी आणल्यावर बघतात.

आता गोळीच्या पोटात शिरू, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

कोअर-लॉक्ट १९३९ सालची. शिशाचा गाभा, वर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, टोक उघडं. आत शिरल्यावर टोक मागे वळून छत्री होते. कंपनी तिला जंगलातली सर्वात जीवघेणी अळंबी म्हणून विकत आली आहे आणि तीनशे यार्डांच्या आत हरणासाठी ती जाहिरात फारशी खोटी नाही. अडचण दोन्ही टोकांना येते. फार जवळून, वेग प्रचंड असताना, साधी गोळी कधी कधी वरच्यावर फुटते, खांदा छिन्नविच्छिन्न करते आणि खोल जात नाही. फार लांबून ती उघडतच नाही.

जवळच्या टोकाचा प्रश्न आधी सुटला. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर नावाचे एक शिकारी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. मूस म्हणजे घोड्याहून मोठं हरीण, आणि ते चिखलाने माखलेलं. त्यांच्या जोरकस .३०० मॅग्नमच्या गोळ्या आत खोल जायच्या आधीच फुटून संपल्या. घरी येऊन त्यांनी गोळीच्या मध्यावर तांब्याची आडवी भिंत घातली, दोन्ही बाजूंना वेगळं शिसं. १९४८ पासून ही 'पार्टिशन' गोळी विकली जाऊ लागली. हरणाच्या पलीकडच्या कातडीखाली कधी ती सापडते. तिच्याकडे पाहिलं की कल्पना लगेच कळते. पुढचा अर्धा भाग पार उलटून मागे चिकटलेला, त्यातलं बरंचसं शिसं झडून गेलेलं. भिंतीच्या मागचा अर्धा भाग मात्र जवळजवळ जसा कारखान्यातून निघाला तसा, नळीच्या पिळांचे तिरके ओरखडेही शाबूत. पुढच्याने जखम केली, मागच्याने वजन पुरवून आत ढकललं. साधारण दोन-तृतीयांश वजन उरतं. तिचा बी.सी. आजच्या मानाने बेताचाच आहे, म्हणून लांब पल्ल्यावाले तिला जुनी म्हणतात. हरणांना ती जुनी झालेली नाही.

दुसरा रस्ता शिसंच काढून टाकण्याचा. बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांनी १९८९ मध्ये संपूर्ण तांब्याची 'एक्स' गोळी बाजारात आणली. टोकाला खोल छिद्र, ते फाकलं की चार पाकळ्या उघडतात आणि जवळजवळ सगळं वजन शेवटपर्यंत टिकतं. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते, तिला जास्त पीळ लागतो, आणि शिशापेक्षा कठीण असल्याने ती उघडायला वेगही जास्त मागते. तांब्याच्या गोळीत एक पायरी हलकं वजन घेऊन वेग वाढवावा, असं जाणकार सांगतात, आणि ते बरोबर आहे. वजन तसंही झडत नाही.

तिसरा रस्ता, खास लांब पल्ल्याचा, म्हणजे पुढे प्लॅस्टिकचं टोक आणि मागे मऊ गाभा. टोक हवा कापतं आणि आदळल्यावर पाचरीसारखं आत घुसून गोळी उघडतं, त्यामुळे कमी वेगातही काम होतं. नॉस्लरची बॅलिस्टिक टिप १९८४ पासून हेच करत होती. मग हॉर्नडीच्या लोकांनी गोळ्यांच्या मागे डॉप्लर रडार लावलं. हवेचा अडथळा गोळी जाता जाता वाढत होता, जो वाढायला नको होता. कारण सापडलं: हवेच्या घर्षणाने आणि दाबाने तापून प्लॅस्टिकचं टोक उडता उडता मऊ होऊन वितळत होतं. कोट्यवधी गोळ्या विकल्या गेल्या आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण तीनशे यार्डांपर्यंत फरक पडतच नाही. २०१५ मध्ये उष्णतेला टिकणाऱ्या टोकाची ईएलडी-एक्स आली.

या मऊ गोळ्यांचं भांडण जवळच्या अंतराशी आहे. पाचशे यार्डांवर छान उघडणारी गोळी पन्नास यार्डांवर आदळली, तर तिचा चुरा होऊ शकतो. आणि शिकारीत पाचशेची तयारी करून बसलेल्या माणसासमोर हरीण पन्नास यार्डांवर येऊन उभं राहतं, हेही नेहमीचंच. त्यावर तोडगा म्हणून कवचाला शिसं वितळवून सांधलेल्या गोळ्या मिळतात, नॉस्लरची ॲक्युबाँड त्यातली नावाजलेली. तिच्या लांब पल्ल्याच्या अवतारासाठी कंपनी १,३०० फुटांपर्यंतचा किमान वेग सांगते. स्पर्धेच्या गोळ्या मात्र लांबच ठेवाव्यात. त्यांच्या टोकाला दिसणारं बारीक भोक कवच मागून पुढे ओढण्याच्या कृतीतून उरलेलं असतं, उघडण्यासाठी ठेवलेलं नसतं. सिएरा कंपनी आपल्या मॅचकिंग गोळ्या शिकारीला वापरू नका, असं स्वतःच सांगते. तरीही अचूक लागते म्हणून लोक वापरतात. कागदाला भोक पाडणं आणि हरीण मारणं यांतला फरक त्यांना उमगलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊर्जेच्या आकड्यावरही फार विसंबू नये. हरणाला हजार फूट-पाउंड लागतात हा नियम कोलोरॅडोच्या पुस्तिकेत आहे, शिकाऱ्यांच्या तोंडी आहे, पण हरीण ऊर्जेने मरत नाही. ते फुप्फुसांतून आणि हृदयातून रक्त वाहून मेंदूला रक्त पोचेनासं झाल्याने मरतं. न उघडलेल्या गोळीत हजार फूट-पाउंड असले, तरी ते ती सोबत घेऊन पलीकडच्या मातीत जाते.

आता वारा. इथेच लांब पल्ल्याच्या बढाया उतरतात. गुरुत्वाकर्षण गणिताने सुटतं: अंतर कळलं की गोळी किती खाली येणार हे तक्ता सांगतो. दोनशे यार्डांवर नेम बसवलेली ६.५ क्रीडमूर पाचशेवर पावणेचार-चार फूट खाली जाते, दुर्बिणीची चकती तेवढी फिरवली की झालं. वारा मात्र दर क्षणी बदलतो, आणि दरीच्या अल्याड एक, मध्ये दुसरा, पल्याड तिसरा असतो.

हिशोब सोपा आहे. हवाच नसती तर गोळीला जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त लागला, ते काढा. त्या जादा वेळाला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. गोळी तेवढी बाजूला सरकते. ईएलडी-एक्सला पाचशे यार्डांना .६४ सेकंद लागतात, हवेशिवाय .५६ लागले असते. ताशी १० मैलांचा वारा, म्हणजे झाडाची पानं नि बारीक फांद्या सतत हलत राहतील इतपत, तिला १४-१५ इंच ढकलतो. कोअर-लॉक्टला तोच वारा सुमारे ३२ इंच ढकलतो. हरणाच्या छातीत जीव जाण्याची जागा आठ-दहा इंचांची. समजा, शिकाऱ्याचा वाऱ्याचा अंदाज ताशी फक्त तीन मैलांनी चुकला. मैदानात उभं राहून तीन मैलांचा फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. ईएलडी-एक्स साडेचार इंच बाजूला जाईल, जीवघेण्या वर्तुळाच्या काठावर. कोअर-लॉक्ट दहाएक इंच, म्हणजे हरणाच्या पोटात, किंवा त्याच्या पुढून नुसतीच. तीनशे यार्डांवर हीच तीन मैलांची चूक ईएलडी-एक्सला दीड इंच आणि कोअर-लॉक्टला तीन इंच पडते. दोन्ही गोळ्या छातीतच.

त्यात रायफलचा स्वतःचा फैलाव मिळवा. शंभर यार्डांवर दीड इंचात गोळ्या टाकणारी रायफल चांगलीच म्हणायची, पण पाचशेवर तोच फैलाव साडेसात इंच होतो. आणि तोही टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून. दगडावर पिशवी टाकून, धाप लागलेली असताना किती होईल? शिवाय .६४ सेकंदांत चरणारं हरीण एक पाऊल सहज टाकतं, आणि त्या पावलाला कुठलाही बी.सी. उत्तर देत नाही.

शिशाचा प्रश्न अलीकडे गोळीच्या निवडीत घुसला, तो गिधाडांमुळे. शिकारी हरणाची आतडी रानात टाकून जातात आणि मेलेलं खाणारे पक्षी ती खातात. कॅलिफोर्नियाचं काँडोर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये अवघं २२ उरलं होतं, आणि त्याच्या मृत्यूंमागे शिशाची विषबाधा हे फार मोठं कारण ठरलं. २००९ मध्ये पेरेग्रीन फंड या संस्थेच्या संशोधकांनी शिकाऱ्यांनी मारलेल्या ३० हरणांचे एक्स-रे काढले. प्रत्येकात धातूचे कण होते, सरासरी १३६. ते जखमेपासून दूरवर विखुरलेले होते. खिम्याची २३४ पाकिटं तपासली, तर ३२ टक्क्यांत कण सापडले. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसंही वाढलं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणली. डेन्मार्कनेही एप्रिल २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्या शिकारीतून काढल्या. घरात लहान मुलं असतील आणि वर्षभराचं मांस फ्रीजरमध्ये भरायचं असेल, तर कायदा असो नसो, मी तांब्याचीच गोळी घ्या म्हणेन. तिची वेगाची भूक सांभाळायला अंतर पन्नास-शंभर यार्डांनी कमी करावं लागेल. तो तोटा मला वाटत नाही.

आपल्याकडे हा सगळा विषय वाचण्यापुरताच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात चितळ, सांबर, भेकर यांच्यावर बंदूक रोखणं हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथेही पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती. बाजारासाठीची कत्तल थांबवून, परवाने नि हंगाम ठरवून, आणि १९३७ च्या कायद्याने रायफली व काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांवर लावल्यावर ती आज तीन कोटींच्या घरात गेली. त्यांना खाणारे लांडगे आणि पहाडी सिंह मात्र बहुतेक ठिकाणी उरलेले नाहीत. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, अंगणातली फुलझाडं कोण खातं आणि रात्री गाडीसमोर कोण उडी मारतं. त्या न्यू जर्सीत हरणावर असली लांब पल्ल्याची रायफल चालवायला परवानगीच नाही. दाट वस्तीमुळे शॉटगन, तोंडाकडून भरायची बंदूक नाहीतर धनुष्य. आयडाहोत सोळा पौंडांपेक्षा जड रायफल शिकारीला चालत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब तर उपकरणाची करामत दाखवण्यासाठी अतिदूरवरून मारणं ही शिकारच मानत नाही.

मग निवडायचं काय? अमेरिकेत परवाना काढून शिकार करणारा कुणी वाचक असेल तर माझा कौल असा. तीनशे यार्डांच्या आत कुठलीही नावाजलेली साधी शिकारी गोळी घ्या आणि पैसे वाचवा. तीनशे ते चारशेसाठी सांधलेली, प्लॅस्टिक टोकाची, चांगल्या बी.सी.ची गोळी घ्या. तिचा किमान वेग कंपनीच्या तक्त्यात शोधा आणि तुमच्या नळीतून, तुमच्या उंचीवरच्या हवेत तो कुठे संपतो ते काढा. तिथून पन्नास यार्ड मागे या, ती तुमची हद्द. चारशेच्या पुढे गोळी पोचते, उघडतेही, पण वारा वाचणारे डोळे बहुतेकांकडे नसतात. तिथे उठून शंभर यार्ड पुढे रांगत जावं. वाचलेल्या पैशांतून त्याच गोळीची आणखी खोकी आणावीत आणि हंगामाआधी टेबल सोडून, जमिनीवर पडून, वाऱ्यात झाडावीत. आणि राज्याची नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचावी. गेल्या साली चाललेली गोळी यंदा चालेलच असं नाही.